बोट कंपनीत गेलं, बिल कुणाचं?

सायंकाळची लोकल | ११ ऑक्टोबर २०२५, रात्री १०:४०

इथे कारखान्यांत काम करणारे, एचआरवाले, वकील असे बरेच जण आहेत म्हणून विचारते. प्रश्न माझ्या मावसभावाचा. वय २८, भोसरी एमआयडीसीत एका लहान कंपनीत पॉवर प्रेसवर ऑपरेटर. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नोकरी अजून तिथेच आहे आणि ती टिकायला हवी आहे.

१९ ऑगस्टला सेकंड शिफ्टमध्ये जॉब (तयार होत असलेला भाग) डायमध्ये, म्हणजे साच्यात अडकला. तो काढायला हात घातला आणि प्रेस खाली आली. उजव्या हाताची तर्जनी, वरची दोन पेरं. सुपरवायझरने लगेच गाडीवर बसवून जवळच्या खासगी हॉस्पिटलात नेलं, त्याबद्दल तक्रार नाही. बोट वाचवायचा प्रयत्न झाला, पाचव्या दिवशी ते काळं पडलं, मग दुसरं ऑपरेशन करून दोन्ही पेरं काढली.

बिल झालं १,१२,४००. कंपनीने ५०,००० भरले आणि हात वर केले. डिस्चार्ज अडला होता, म्हणून मावशीने पाटल्या पतसंस्थेत ठेवून उरलेले ६२,४०० भरले. नंतरचा खर्च वेगळाच: फिजिओच्या १६ बैठका, ४५० प्रमाणे ७,२००. बोटाचा स्प्लिंट २,८००. ड्रेसिंग आणि औषधं ६,३००. कासारवाडीहून रिक्षाने जाणं-येणं, त्याचे साधारण पाच हजार.

एचआरचं म्हणणं असं:
१) आमच्या पॉलिसीत मेडिकल ५०,००० पर्यंतच आहे.
२) फिजिओ म्हणजे 'उपचार' नाही, रिक्षा तर नाहीच.
३) पगार २१,००० च्या वर आहे, त्यामुळे ईएसआय (कामगार राज्य विमा) नाही.
४) पुढे नुकसानभरपाई द्यावी लागली तर हे ५०,००० त्यातून वळते करू.

यातलं खरं किती?

फिरकीवाला | ११ ऑक्टोबर, १०:५८

पोच, वाचतोय. आणि पाटल्यांच्या पावतीवर तारीख कोणती आहे ते बघून ठेवा, पतसंस्था लिलावाच्या नोटिसा फार तत्परतेने पाठवतात.

वकिली बाणा | ११ ऑक्टोबर, ११:३५

पहिला मुद्दा आधी निकालात काढू. पॉलिसीची मर्यादा हा कंपनी आणि विमा कंपनी यांच्यातला मामला. कंपनीने हप्ता वाचवायला पन्नास हजारांचं कव्हर घेतलं असेल तर तो तिचा हिशेब, कामगाराचा नव्हे. कर्मचारी नुकसानभरपाई कायदा, १९२३, कलम ४(२अ) वाचा. कामाच्या ओघात झालेल्या इजेवर कामगाराने केलेला प्रत्यक्ष वैद्यकीय खर्च त्याला परत मिळाला पाहिजे. हे पोटकलम २००९ च्या दुरुस्तीने आलं आणि १८ जानेवारी २०१० पासून लागू आहे. त्यात कमाल आकडा नाही.

चौथा मुद्दा तर सरळ दिशाभूल आहे. त्याच कलमात स्पष्टीकरण आहे की मालकाने उपचारासाठी दिलेली रक्कम नुकसानभरपाईत धरायची नाही. दवाखान्याचं बिल वेगळं, बोटाची किंमत वेगळी.

आता बोटाची किंमत. तर्जनीची दोन पेरं गेली तर परिशिष्टात ११ टक्के लिहिले आहेत. पगार कितीही असला तरी हिशेबाला महिना १५,००० च धरतात (३ जानेवारी २०२० पासून; त्याआधी ८,०००). त्याचे ६० टक्के म्हणजे ९,०००. अठ्ठाविसाव्या वर्षीचा गुणक २११.७९. गुणाकार १९,०६,११०, त्याचे ११ टक्के म्हणजे २,०९,६७२ रुपये. देय झाल्यापासून महिन्याभरात दिली नाही तर १२ टक्के व्याज, आणि उशिराला सबळ कारण नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत दंडही बसू शकतो.

शिवाय घरी बसलेल्या दिवसांचे अर्धमासिक पैसे असतात, पगाराच्या २५ टक्के. दावा दोन वर्षांच्या आत लावायचा. 'मी कंपनीकडे काही मागणार नाही' अशा कागदावर सही घेतली असेल तर घाबरू नका. हक्क सोडल्याचा असला करार या कायद्यात चालत नाही.

चौदा जणांचं वर्कशॉप | १२ ऑक्टोबर, सकाळी ७:२०

आता शिव्या खायची तयारी ठेवूनच लिहितो. तळवड्यात माझं वर्कशॉप आहे, चौदा माणसं. वकीलसाहेबांचं कलम मान्य. पण 'प्रत्यक्ष खर्च' म्हणजे काय हो? माझ्याकडे एकाच्या पायावर प्लेट पडली, घोट्याला फ्रॅक्चर. नातेवाइकांनी जनरल वॉर्डातून परस्पर स्पेशल रूममध्ये हलवलं. बिलात पाहुण्यांचं कॅन्टीन. त्याची जुनी शुगर, तिच्या सगळ्या तपासण्या त्याच बिलात. वर गावच्या वैद्याचं तेल, बाटली साडेसातशे. सगळं मी द्यायचं? मोठ्या कंपन्या आमचं पेमेंट नव्वद दिवसांनी करतात, हॉस्पिटल डिस्चार्जच्या आधी मागतं. मधले नव्वद दिवस कोण सांभाळतं ते विचारा कुणीतरी.

सायंकाळची लोकल | १२ ऑक्टोबर, ८:०५

काका, शिव्या कशाला? पण आमच्याकडे स्पेशल रूमही नव्हती आणि तेलही नव्हतं. सहा जणांचा वॉर्ड होता.

हाडांची डॉक्टर | १२ ऑक्टोबर, दुपारी २:१०

मी अस्थिरोगतज्ज्ञ. हाताचे असे अपघात या पट्ट्यात रोजचे आहेत, म्हणून लिहिते.

फिजिओ हा उपचार नाही असं म्हणणाऱ्याने एकदा हाताच्या ऑपरेशननंतर आठ आठवडे काहीही न करता बसून दाखवावं. बाकीची बोटंसुद्धा आखडतात. तर्जनी गेलेल्या माणसाची पकड मधल्या बोटाकडे वळवावी लागते, ते शिकवावं लागतं. उरलेल्या टोकाला नुसता शर्ट घासला तरी झिणझिण्या येतात, त्याचाही व्यायाम असतो. डिस्चार्ज कार्डावर 'हँड थेरपी, आठवड्यातून तीनदा' असं लिहून घ्या. लिहिलेलं नसेल तर सर्जनकडे परत जाऊन मागा, कुणी नाही म्हणत नाही. लेखी सल्ला असला की वाद निम्मा संपतो.

वर्कशॉपवाल्या काकांच्या शुगरबद्दल. शुगर ३०० असताना घोट्यात प्लेट टाकता येत नाही, जखम चिघळते. त्यामुळे भरती असतानाचं इन्सुलिन आणि रोजच्या तपासण्या हा घोट्याच्याच उपचाराचा भाग आहे. सहा महिन्यांनी केलेली मधुमेहाची तपासणी नाही. कॅन्टीन नाही. तेलाचं तुम्ही आणि वैद्य बघा.

चौदा जणांचं वर्कशॉप | १२ ऑक्टोबर, २:४४

हे पटलं. असं सरळ कुणी सांगितलं असतं तर मी तेव्हा भांडलो नसतो.

चाकण रात्रपाळी | १२ ऑक्टोबर, रात्री ११:५०

धागाकर्तीच्या भावाचं नशीब म्हणायचं की निदान अपघात कंपनीत झाला हे कुणी नाकारत नाहीये.

मी ठेकेदाराकडे होतो, २०२२ ची गोष्ट. रॅकवरून पडलो, मनगट मोडलं. सुपरवायझर सोबत आला. काउंटरवर मी बोलायच्या आत त्यानेच सांगितलं, "घरी जिन्यावरून पडला." मला हळूच म्हणाला, पोलीस केस होईल, तुलाच हेलपाटे पडतील, बिल आम्ही बघतो. मला दुखत होतं, मी मान डोलावली. बिल त्यांनी 'बघितलं' पहिले दोन दिवस. तिसऱ्या दिवसापासून फोन बंद. ठेकेदार म्हणे कंपनीकडे जा, कंपनी म्हणे ठेकेदाराकडे जा, आणि दोघंही म्हणे केसपेपरवर बघ काय लिहिलंय. 'घरी जिन्यावरून पडून.' तीन शब्द. ८६,००० माझे गेले.

प्लेट अजून आत आहे. थंडीत दुखते.

हाडांची डॉक्टर | १३ ऑक्टोबर, सकाळी ९:१५

वाईट वाटलं वाचून. सगळ्यांसाठी लिहिते: इजा कशी झाली हे डॉक्टर पहिल्या पानावर लिहितात, आणि पुढे विमा कंपनी असो की कोर्ट, सगळे तेच पान उघडतात. रुग्ण शुद्धीवर असेल तर त्याने स्वतः बोलायचं. कंपनीतल्या अपघाताची नोंद मेडिकोलीगल म्हणून झाली की पोलिसांना कळवलं जातं. त्यात कामगारावर गुन्हा वगैरे काही नसतं, ही भीती मुद्दाम घातली जाते. चुकीचं लिहिलं गेलं असेल तर त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना सांगा. महिन्याभराने आलात तर आम्हीही संशयानेच बघतो, खरं सांगते.

वकिली बाणा | १३ ऑक्टोबर, १०:०२

चाकणवाल्या मित्राला: ठेकेदाराकडे बोट दाखवून मूळ कंपनी सुटत नाही. कलम १२. कामगाराने थेट मूळ कंपनीकडे मागावं, कंपनी नंतर ठेकेदाराकडून वसूल करेल. तुमची मात्र दोन वर्षांची मुदत उलटली आहे. उशीर का झाला याचं पुरेसं कारण पटलं तर आयुक्त दावा घेऊ शकतात. केसपेपर तुमच्या विरोधात आहे, तरी त्या दिवशीचं हजेरीपत्रक आणि सोबत्यांची साक्ष यावर विचार करता येईल. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

पेठेतली पुष्पा | १३ ऑक्टोबर, १०:३०

अवांतर: माझे मिस्टर रांजणगावला दुचाकीने जातात. येता-जाता अपघात झाला तर तो कामावरचा का?

वकिली बाणा | १३ ऑक्टोबर, १०:४१

ईएसआय कायद्यात २०१० पासून तशी तरतूद आहेच. १९२३ च्या कायद्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने यंदा २९ जुलैला निकाल दिला. धाराशिवकडच्या एका साखर कारखान्याचा वॉचमन २००३ मध्ये ड्यूटीवर जाताना अपघातात गेला होता. कामाची वेळ, जागा आणि परिस्थिती यांचा कामाशी संबंध लागत असेल तर असा प्रवासही कामाच्या ओघात धरायचा, असं कोर्टाने म्हटलं. बावीस वर्षं लागली त्या बाईंना. वाटेत मित्राकडे जेवायला वळलात तर मात्र अवघड.

गेट मीटिंग | १३ ऑक्टोबर, रात्री ९:३०

नमस्कार. पिंपरीत बत्तीस वर्षं नोकरी, त्यातली अठरा युनियनच्या कमिटीत. आता निवृत्त.

वकीलसाहेबांनी हिशेब झकास मांडला, पण त्याच्या आधीचा प्रश्न कुणी विचारलाच नाही. ताई, भावाचा पगार एकवीस हजारांच्या वर कधी गेला? आणि एकवीस हजार ओव्हरटाइम धरून की सोडून? मर्यादा बघताना ओव्हरटाइम धरत नाहीत. एप्रिलपासूनच्या पगाराच्या स्लिपा काढा. ईएसआयची कपात कोणत्या महिन्यापर्यंत दिसते ते लिहा. अंदाजे नको, स्लिप बघून.

सायंकाळची लोकल | १४ ऑक्टोबर, रात्री ८:१५

काका, बघितल्या. एप्रिल, मे, जून: १९,८०० ओव्हरटाइम सोडून, कपात आहे. जुलैत वाढ मिळाली, २२,०००. जुलैपासून कपात नाही.

गेट मीटिंग | १४ ऑक्टोबर, ८:३२

तिथेच गोम आहे.

ईएसआयचे वर्षात दोन कालखंड: १ एप्रिल ते ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर ते ३१ मार्च. कालखंडाच्या सुरुवातीला माणूस मर्यादेत असेल आणि मधेच पगार वाढून वर गेला, तरी तो कालखंड संपेपर्यंत तो ईएसआयमध्येच राहतो. कपातही चालू ठेवावी लागते, वाढलेल्या पगारावर: कामगाराचे ०.७५ टक्के, मालकाचे ३.२५. म्हणजे तुमचा भाऊ ३० सप्टेंबरपर्यंत विमाधारक होता आणि अपघात १९ ऑगस्टचा. कंपनीने जुलैत कपात बंद केली ती चूक कंपनीची. वर्गणी भरली नाही म्हणून कामगाराचा लाभ बुडत नाही. महामंडळ लाभ देतं आणि मालकाकडून वसूल करतं.

युनियनमध्ये असताना दर जुलैला हेच भांडण करायचो. पगारवाढीचा करार झाला की पगार करणारा पोरगा दुसऱ्या दिवशी शंभर जणांची कपात उडवून टाकायचा.

वकिली बाणा | १४ ऑक्टोबर, ९:१०

काकांना दंडवत. माझी पहिली पोस्ट या प्रकरणापुरती मागे घेतो. पगार कधी वाढला हे विचारायला हवं होतं, नाही विचारलं. ईएसआय लागू असेल तर त्या कायद्याचं कलम ५३ आडवं येतं: त्याच इजेसाठी १९२३ च्या कायद्याखाली मालकाकडे मागता येत नाही. म्हणजे २,०९,६७२ विसरा.

सायंकाळची लोकल | १४ ऑक्टोबर, ९:१४

म्हणजे नुकसान झालं का आमचं?? आणि ६२,४०० चं काय?

गेट मीटिंग | १४ ऑक्टोबर, १०:०५

घाबरू नका, उलट आहे. घरी बसलेल्या दिवसांचे वकीलसाहेबांच्या कायद्यात २५ टक्क्यांच्या हप्त्यांनी महिना ७,५०० झाले असते. ईएसआयमध्ये सरासरी रोजाच्या ९० टक्के मिळतात. जुना पगार धरला तरी रोजचे ५९४. शिवाय कायमच्या अपंगत्वाचं एकरकमी नाही, महिन्याचं येतं, जन्मभर. ११ टक्के धरले तर रोजचे पासष्ट रुपये, महिन्याला दोन हजारांच्या जवळपास. अठ्ठाविसाव्या वर्षी सुरू झालं तर नऊ वर्षांत दोन लाखांच्या पुढे, आणि नंतरही चालूच. फिजिओ आणि पुढची शस्त्रक्रिया लागलीच तर चिंचवडला मोहननगरचं ईएसआय हॉस्पिटल आहे, तिथे पैसे लागत नाहीत. रांग आहे.

बिलाचं मात्र खरंच वाकडं आहे. आणीबाणीत खासगीत गेलात तर ईएसआय परतफेड देते, पण तिच्या ठरलेल्या दरांनी. पूर्ण १,१२,४०० मंजूर होतील असं धरू नका. फरक पडेल तो कंपनीकडून मागायचा. कायद्याने मागता येईल का यावर वकील भांडतील. मी सांगतो ते व्यवहाराचं: कंपनीने वेळेवर कपात केली असती तर सुपरवायझरने ईएसआयचं कार्ड दाखवलं असतं. ही चूक कागदावर आली की त्यांच्यामागे व्याज आणि दंडाचं शुक्लकाष्ठ लागतं. बिबवेवाडीच्या पंचदीप भवनात (ईएसआयच्या कार्यालयात) अर्ज जाण्याआधी मालकाशी एकदा शांतपणे बसा. स्लिपा समोर ठेवा. आवाज चढवू नका, गरज पडत नाही.

चौदा जणांचं वर्कशॉप | १५ ऑक्टोबर, सकाळी ६:५०

रात्री झोप लागली नाही. पगाराचं काम मी बाहेर दिलंय. आत्ता फाइल उघडली. माझ्याकडेही दोन पोरं आहेत, जूनमध्ये वर गेलेली, कपात जूनपासूनच बंद. आज अकरा वाजता अकाउंटंटला बोलावलंय.

फिरकीवाला | १५ ऑक्टोबर, ७:३०

धाग्याने पहिली वर्गणी वसूल केली.

सायंकाळची लोकल | २ डिसेंबर २०२५, रात्री ९:४५

उशिरा लिहितेय, सॉरी. भाऊ, मी आणि गेट मीटिंग काका (हो, ते स्वतः आले!) मालकांना भेटलो. त्यांना खरोखरच माहीत नव्हतं असं वाटलं. एचआरला माहीत होतं की नाही, देव जाणे. जुलै ते सप्टेंबरची वर्गणी भरली, अपघाताचा अहवाल ऑनलाइन गेला. पंचदीप भवनातून एक साहेब कंपनीत येऊन मशीन, हजेरी, केसपेपर बघून गेले. केसपेपरवर 'प्रेस मशीनमध्ये बोट सापडून' असं स्वच्छ लिहिलं होतं. गेल्या आठवड्यात ४१ दिवसांचे पैसे खात्यात आले.

बिलाची परतफेड अजून तपासणीत आहे. फरकाबद्दल मालक तोंडी हो म्हणाले. काकांनी तिथेच वहीचं पान फाडून त्यांच्याकडून लिहून घेतलं, सहीसकट. फिजिओचे ७,२०० आणि स्प्लिंटचे पैसे कंपनीने दिले, कारण सर्जनचा लेखी सल्ला जोडला होता. हाडांची डॉक्टर, थँक्यू! रिक्षाला साफ नाही. पावती नाही म्हणे. रिक्षावाला पावती देतो का पुण्यात?

चाकण रात्रपाळी | २ डिसेंबर, ११:२०

बरं झालं ताई. २१ नोव्हेंबरपासून नवे कामगार कायदे आलेत, त्याने तुमच्या केसमध्ये काही बदलतं का?

वकिली बाणा | ३ डिसेंबर, सकाळी १०:००

अपघात ऑगस्टचा, त्यामुळे हक्क जुन्याच कायद्याने. पुढच्या अपघातांना सामाजिक सुरक्षा संहिता लागेल. चाकणवाले, तुमच्या केसबद्दल व्यनि केलाय, बघा. त्या महिन्याचं हजेरीपत्रक मिळालं तर उत्तमच.

सायंकाळची लोकल | १८ जानेवारी २०२६, रात्री ८:५०

परतफेडीचे ७१,००० मंजूर झाले. कंपनीने भरलेले ५०,००० त्यातून कंपनी परत मागतेय, त्यावर परवा पुन्हा बसायचंय. काका येतो म्हणालेत. पाटल्या अजून तिथेच.

पुढच्या गुरुवारी मेडिकल बोर्ड आहे, अपंगत्व किती टक्के ते ठरवायला. मावशी विचारतेय, बोटाला पट्टी बांधून न्यायचं की मोकळं?

हाडांची डॉक्टर | १८ जानेवारी, ९:२५

मोकळं. दोन्ही ऑपरेशनचे कागद आणि एक्सरे मूळ प्रतीत न्या. सही करायला सांगितली तर आता जशी येते तशीच करू दे, घरी घोटून सुंदर करू नका.